मासळीच्या व्यवहारातील वाटा, कोडी आणि वाव

प्रश्न : पुण्यात आम्ही मासळी किलोवर घेतो, कोकणातले आमचे नातेवाईक मात्र वाटा, कोडी, वाव असे बोलतात. ही नेमकी कशाची मापे आहेत?

उत्तर १ : कोडी म्हणजे वीस नग, बांगड्यासारख्या सारख्या आकाराच्या मासळीला ती सोयीची पडते. वाटा हा मात्र निव्वळ नजरेचा अंदाज असून, कोळीण मांदेलीचे ढीग लावते, ढिगाचा भाव सांगते आणि घासाघीस वाढली की भाव न उतरवता वर चार मांदेली टाकते.

उत्तर २ : वाव मासळीचे नव्हे, पाण्याच्या खोलीचे व दोराचे माप आहे : पसरलेल्या दोन्ही हातांमधले अंतर, सुमारे ६ फूट.

उत्तर ३ : किलो-ग्रॅमची मेट्रिक वजने आणणाऱ्या १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मण गेले, वाटा टिकला, कारण चिल्लर मासळी तोलत बसणे कोणालाच परवडत नाही.