फ्लोरिन, डुकाट, झेक्किनो: सगळ्यांना ‘मोहर’च म्हणायचं का?

एका भाषांतरात फ्लोरिन, डुकाट आणि झेक्किनो ही इटलीतली जुनी सोन्याची नाणी एकाच पानावर आलीत. तिन्हींना सरसकट ‘मोहर’ लिहिलं तर चालेल का?

— नको. मोहर म्हटलं की मोगल दरबार उभा राहतो. शिवाय मोहर साधारण 11 ग्रॅमची, ही नाणी साडेतीन ग्रॅमची. फ्लोरिन 1252 सालचं, फ्लॉरेन्सचं. नाव इटालियन ‘फिओरे’वरून, म्हणजे फूल. एका बाजूला लिली, दुसऱ्या बाजूला शहराचा संत योहान. राजा कुठेच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1231 पासून ‘ऑगुस्ताले’ या सोन्याच्या नाण्यावर रोमन थाटात स्वतःचा चेहरा उठवला होता. 1250 मध्ये तो वारला. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये व्यापारी-कारागिरांची सत्ता आली आणि दोन वर्षांत फूल नाण्यावर चढलं. जेनोव्हानेही त्याच साली सोनं पाडलं.

— डुकाट व्हेनिसचं, 1284 चं. नाण्यावरची लॅटिन ओळ ‘दुकातुस’, म्हणजे मुलूख, या शब्दावर संपते: हे ख्रिस्ता, तू जिथे राज्य करतोस तो हा मुलूख तुला वाहिलेला असो. म्हणजे नाव राज्यावरून. नाण्यावर डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडलेला प्रमुख, शहराच्या संत मार्कपुढे गुडघे टेकून निशाण घेतोय. नम्रता जोरदार, पण शेजारी स्वतःचं नाव कोरायला विसरलेला नाही!

— झेक्किनो म्हणजे डुकाटच, नाव नंतरचं. ‘झेक्का’ म्हणजे टांकसाळ, मूळ अरबी ‘सिक्का’. आपला ‘शिक्का’ त्याच घरातला.

— अवांतर: आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक उभा आणि एक गुडघ्यावर बसलेला माणूस आहे. कडेची अक्षरं नुसत्या उभ्या रेघा, ना मोडी ना देवनागरी. लहानपणी मला ते राम आणि मारुती वाटायचे.

— मार्क आणि डोज! व्हेनिसचं हे नाणं तांबड्या समुद्रावरून पश्चिम किनाऱ्याला यायचं. आपल्या लोकांनी ना फूल पाहिलं ना राज्य. दिसल्या त्या बाहुल्या, म्हणून ‘पुतळी’. तुमच्या आजीची बहुधा इथल्याच सोनाराने केलेली नक्कल. लॅटिन न कळता उतरवली की त्याच्या रेघाच होतात.

— मग झेक्किनोला ‘पुतळी’ लिहू?

— व्हेनिसच्या बाजारात नको, तिथे झेक्किनोच ठेवा. सुरतेच्या सराफाच्या हाती पडलं की खुशाल पुतळी करा.