गूगल नसलेल्या फोनवर दुकान चालेल का?

चाटीगल्लीकर: दुकानासाठी दुसरा फोन घ्यायचाय, पुतण्या म्हणतोय काका चिनी हुआवे कंपनीचा हार्मनी सिस्टीमवाला फोन घ्या, अँड्रॉइडची गरजच नाही आता. खरंय का? मला टॉवेल-चादरीचे फोटो व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर टाकायचे असतात आणि यूपीआय लागतं, बाकी काय नको.

सातरस्ता_मोबाईल: पुतण्याला विचारा कुठलं हार्मनी. जुन्यावर अँड्रॉइडचे अॅप चालायचे, 2024 च्या ऑक्टोबरात जे नवीन आलं त्यातून त्यांनी अँड्रॉइडचा कोडच काढून टाकला, म्हणजे एपीके फाईल (अँड्रॉइड अॅप बसवायची फाईल) टाकली तरी सरळ चालत नाही, प्रत्येक अॅप नव्यानं लिहावं लागतं. चीनमध्ये गिऱ्हाईक एवढं आहे की कंपन्या लिहितात. आपल्या यूपीआयसाठी कोण लिहिणार?

जुना_लुमियावाला: विंडोज फोनचं हेच झालं की. मायक्रोसॉफ्टसारखी पैसेवाली कंपनी, फोन मख्खन चालायचा, पण अॅप नाही म्हणून लोक घेईनात आणि लोक नाहीत म्हणून अॅप बनवणारे येईनात, शेवटी 2019 संपताना व्हॉट्सअॅपपण गेलं. सिस्टीम बनवणं सोपं हो, अॅपचं दुकान भरणं अवघड.

अक्कलकोट_रोड: आयआयटी मद्रासमधनं आलेलं भारओएस बघा की, स्वदेशी फोन सिस्टीम आहे.

सातरस्ता_मोबाईल: ते अँड्रॉइडच्याच ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या कोडवर आहे बे, फक्त गूगलचे अॅप आधीपासून टाकलेले नाहीत. आणि बरेच बँकवाले अॅप फोन खात्रीचा आहे का ही गूगलची तपासणी पास झाल्याशिवाय उघडतच नाहीत, ती कशी करणार?

चाटीगल्लीकर: बरं, मग साधा अँड्रॉइडच बघतो. टॉवेलचा रंग फोटोत बरोबर येईल असा कुठला सांगा, लाल नेहमी गुलाबी दिसतो आणि व्यापारी माल परत पाठवतो.