ब्लॉगचा पत्ता, गूगल आणि आपण : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज धागा काढतेच. मी 2013 पासून स्वयंपाकाचा ब्लॉग लिहिते, ब्लॉगस्पॉटवर, फुकटातला. तीनशेच्या वर कृती झाल्यात. गणपतीच्या आधी आठ दिवस सगळी दुनिया उकडीचे मोदक शोधत असते आणि माझी कृती कुठेतरी सहाव्या-सातव्या पानावर, तिथवर माझी सख्खी आईसुद्धा जायची नाही. परवा भाचा घरी आला होता, त्याने सहज बघितलं आणि म्हणाला मावशी तुझ्या निम्म्या पानांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर 17' असे का आहेत? तर म्हणे शीर्षक नुसतं देवनागरीत दिलं की ब्लॉगस्पॉटमागच्या 'ब्लॉगर' या गूगलच्या यंत्रणेला त्यातून इंग्रजी अक्षरं मिळत नाहीत, मग तो स्वतःच 'ब्लॉग-पोस्ट' चिकटवून मोकळा होतो. इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता, अगदी शब्दशः.

आता स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगला स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्यायचं मनात आहे. डॉट कॉम की डॉट इन, नाव इंग्रजी अक्षरांत की मराठीत, जुने पत्ते बदलू का, सगळाच गोंधळ. नुसते सल्ले नकोत, ते यूट्यूबवर ढीगभर आहेत. तुमच्यावर काय गुजरलं ते लिहा.

* * *

ताई, पत्ता बदलायचा तर माझं ऐका, मी दोनदा हात पोळून घेतलेत. पुण्याचा आहे, गडकिल्ल्यांवर लिहितो. पहिला ब्लॉग वर्डप्रेस डॉट कॉमवर, फुकट. मग स्वतःचं डोमेन घेतलं, सगळे लेख तिकडे हलवले, आणि कोणीतरी सांगितलं की एकच मजकूर दोन ठिकाणी दिसला की गूगल शिक्षा करतं, म्हणून मी हुशारीने जुना ब्लॉग डिलीट करून टाकला. झालं! हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरचं माझं पान कितीतरी ट्रेकर्सनी आपापल्या ब्लॉगवर जोडलेलं होतं, ते सगळे दुवे एका रात्रीत मेले. ज्या ओळखीवर गूगल मला वर दाखवत होतं ती मीच पुसली.

चार वर्षांनी ते नाव आवडेना म्हणून पुन्हा बदललं (हो, माणूस शिकत नाही). या वेळी 301 रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की कायमचं नव्याकडे वळवणारी सोय) लावला, पण आळसाने सगळी जुनी पानं नव्या ब्लॉगच्या मुखपृष्ठाकडे वळवली. म्हणजे माणूस विचारतोय हरिहरच्या पायऱ्या आणि त्याला आणून उभा करतोय आमच्या दिवाणखान्यात. गूगल अशा वळवणीला पान सापडलं नाही असंच धरतं. शेवटी दोन शनिवार-रविवार बसून प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाला जोडलं, सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीची गूगलची सोय) जाऊन पत्ता बदलल्याचं कळवलं, आणि मग काही आठवडे आकडे खालीवर होत होत गाडी रुळावर आली. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगलच सांगतं. मी तर जुन्या डोमेनचे पैसे अजून भरतोय, सोडलेल्या घराचं लाइटबिल भरावं तसे.

* * *

माझा अनुभव दोन ओळींचा. सात महिने ब्लॉग गूगलवर दिसेना, किवर्ड (शोधशब्द) काय, थीम काय, सगळं बदलून झालं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर खाली एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी या साइटची नोंद करू नये असा, त्यात बरोबरची खूण होती. साइट बनवणाऱ्या मुलाने काम चालू असताना लावली आणि काढायची राहिली. आधी तेवढं बघा लोकहो.

* * *

मी रत्नागिरीचा, निवृत्त शिक्षक. 2014 साली डॉट भारत हे देवनागरीतलं डोमेन सुरू झालं तेव्हा फार आनंद झाला होता. पुढे सवडीने मीही एक घेतलं, मातृभाषेत पत्ता, आणखी काय पाहिजे! मुळात माझ्या ब्लॉगचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं आणि तो इंग्रजीत लिहायचा कसा यावर घरात तीन पक्ष होते. मी म्हणे डी-एन-वाय-ए, नातू म्हणे जी-वाय-ए कारण त्याला हिंदीची सवय, आणि आमचे संस्कृतचे मित्र जे-एन-ए वर अडून. तेव्हा म्हटलं देवनागरीच बरी, वादच मिटला.

पण मिटला कुठे. कोणाला पत्ता पाठवला की पलीकडे कधी कधी एक्स-एन आणि दोन डॅश आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ उमटायची, लोकांना वाटायचं काकांचा फोन हॅक झाला. नंतर कळलं की आतल्या यंत्रणेला फक्त इंग्रजी अक्षरं चालतात म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचं तसं रूपांतर होतं. दुसरी अडचण म्हणजे ब्राउझरमध्ये टाइप करायला लोक कीबोर्ड मराठी करतच नाहीत. शेवटी इंग्रजी अक्षरांतलं नाव घेतलं, डी-एन-वाय-ए असलेलं, आणि डॉट भारत त्याच्याकडे वळवून ठेवलं. सोडवत नाही हो. ग्रंथालयाच्या फळ्यावर खडूने तेच लिहिलंय.

* * *

न्यू जर्सीहून लिहितेय. मी मोदकवाल्या ताईंसारखीच ब्लॉगस्पॉटवाली. 2012 मध्ये गूगलने असं केलं की भारतातून कोणी ब्लॉग उघडला की डॉट कॉमचं आपोआप डॉट इन व्हायचं. भारतातल्या नातेवाइकांनी डॉट इनवालाच पत्ता सगळीकडे पाठवला, आणि आमच्या इथल्या मंडळाच्या स्मरणिकेत माझा लेख आला त्याखालीही तोच छापला. 2018 मध्ये गूगलने ते वळवणं थांबवलं, आणि 2020 मध्ये तर ते ब्लॉगस्पॉट डॉट इन नाव गूगलच्या हातातूनच गेलं, दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. गूगलचं जाऊ शकतं तर आपलं काय! छापलेल्या स्मरणिकेत रीडायरेक्ट कुठून लावणार. तेव्हापासून स्वतःचं डॉट कॉम आहे. डॉट इन घेतलं नाही कारण ते गूगल भारतासाठीचं मानतं आणि माझे निम्मे वाचक इकडचे.

अजून एक, सर्च कन्सोल उघडून बघा लोक काय टाइप करून येतात. मला वाटायचं मराठी वाचक मराठीत शोधतो. कसलं काय, थालीपीठ इंग्रजी अक्षरांत, ते पण कोणी डबल ई, कोणी नुसता आय, आणि शेवटी 'इन मराठी'. मी आता शीर्षकात मराठी नाव आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत एकदा, एवढंच करते. सगळी स्पेलिंगं कोंबत नाही, वाईट दिसतं.

* * *

ठाण्यात साइट्स गूगलवर वर आणायचंच काम करतो म्हणून थोडं बोलतो. ताई, पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट 17' आहे म्हणून मोदक सातव्या पानावर गेले असं नाही. पत्त्यातल्या शब्दांना गूगल फार थोडी किंमत देतं. नुसत्या पत्त्याच्या सौंदर्यासाठी तीनशे जुनी पानं हलवू नका, नवीन लेखांना प्रकाशित करायच्या आधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या पत्त्याची चौकट) हाताने छोटं नाव द्या, बास. वर्डप्रेसवाले वेगळ्या खड्ड्यात पडतात. तिथे देवनागरी पत्ता चालतो, पण आत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा नऊ-नऊ जागा खाते आणि एकूण मर्यादा 200. माझ्या एका क्लायंटचं 'उकडीचे मोदक सोप्या पद्धतीने' होतं, पत्त्यात ते 'उकडीचे-मोदक-सोप्या-पद्धत' इथे कापलं गेलं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवलं की टक्क्यांच्या खुणांची रांगोळी.

बाकी पहिल्या पानावर आणून देतो, पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणारे दुवे) देतो म्हणणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करा. 2012 मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' बदलानंतर असल्या विकतच्या दुव्यांनी आपटलेल्या साइट्स सावरायचं कामही मी केलंय, बांधण्यापेक्षा पाडण्याची मजुरी जास्त पडते. त्याच वर्षी गूगलने शोधशब्दच डोमेन म्हणून घेणाऱ्या फालतू साइट्सनाही खाली ढकललं, त्यामुळे 'मोदकरेसिपी' छापाचं नाव घेऊन उपयोग नाही. आणि मेटा कीवर्ड (पानाच्या आत दडवलेली शोधशब्दांची यादी) भरत बसू नका, ते आपण बघतच नाही असं गूगलने 2009 मध्येच सांगितलंय, तरी अजून त्याचे पैसे लावणारे आहेत.

मग फरक कशाने पडतो? तुमची कृती एकदा उघडून बघितली ताई, राग मानू नका. पहिले चार परिच्छेद आजीच्या आठवणी, पिठाचं प्रमाण पाचव्यात, आणि साहित्याची यादी फोटोत लिहिलेली. फोटोतला मजकूर लेखातल्या मजकुरासारखा धरला जाईल या भरवशावर राहू नका. आजी राहू दे, पण खाली घ्या.

* * *

डोमेन घेतलंत की एक करा, स्वतःच्या कायमच्या ईमेलवर घ्या. मी ऑफिसच्या ईमेलवर घेतलं होतं, नोकरी सोडली, मुदत संपल्याचे सगळे मेल तिकडे जात राहिले. डॉट कॉमची मुदत संपल्यावर थोडी सवलत मिळते, मग 30 दिवस दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ते सगळ्यांना मोकळं. मला कळलं ते सासूबाईंच्या फोनवरून. माझ्या कवितांच्या जागी पत्त्यांचा जुगार आला होता आणि त्या म्हणाल्या, 'जावईबापू, हे कधीपासून?'

* * *

धागाकर्ती परत आलेय. ठाणेकर, राग नाही आला, तुमचं वाचून आधी ब्लॉग उघडला, खरंच पिठी पाचव्या परिच्छेदात! काल रात्री साहित्य टाइप करून वर घेतलं, आजीला खाली बसवलं. डोमेन डॉट कॉम घेतलं, स्वतःच्याच ईमेलवर. भाच्याने तेच ब्लॉगरला जोडलं, त्यामुळे जुने ब्लॉगस्पॉटचे पत्ते आपोआप इकडे वळतात, 'अंडरस्कोर 17' पण. त्याला मी हात लावलेला नाही. नावात 'ळ' होता, तो एलने लिहिलाय, रत्नागिरीचे काका काय म्हणतात बघू.