मदत हवी आहे : ब्रेन हॅमरेजनंतर व्हासोस्पाझम, पुन्हा अँजिओग्राफीला संमती द्यावी का?

नमस्कार मंडळी,

जरा घाईत लिहितेय, उत्तर संध्याकाळच्या आत हवं आहे.

माझ्या आत्याला (वय ५४, जुना बीपीचा त्रास) गेल्या आठवड्यात अचानक असह्य डोकेदुखी झाली, उलट्या झाल्या आणि ती कोसळली. सीटीत सबअरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, निघाला. मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे अन्युरिझम, फुटला होता. दुसऱ्या दिवशी मांडीतून कॅथेटर (बारीक नळी) घालून कॉइलिंग केलं, म्हणजे फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद केला. त्यानंतर ती शुद्धीवर आली, सगळ्यांना ओळखू लागली, चहा हवा म्हणाली. मोठं संकट टळलं असं आम्ही धरून चाललो होतो.

काल सकाळपासून ती पुन्हा गुंगीत आहे आणि डावा हात उचलत नाही. सीटीत नवा रक्तस्राव नाही, पाणीही साठलेलं नाही. डॉपलरमध्ये (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) मात्र मेंदूच्या उजव्या बाजूच्या मुख्य वाहिनीत रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंमीच्या वर, म्हणजे खूप जास्त आहे. डॉक्टर म्हणतात व्हासोस्पाझम आहे, रक्तवाहिन्या आकसल्यात. निमोडिपिन (या आजारात मेंदूचं नुकसान टाळायला देतात ते औषध) पहिल्या दिवसापासून चालूच आहे. आता नॉरअॅड्रेनालिन लावून बीपी मुद्दाम वर ठेवलंय. हात सुधारला नाही तर आज रात्री परत कॅथलॅबमध्ये नेऊन थेट वाहिनीत औषध सोडायचं, जमलं तर बलूनने ती रुंद करायची, असं म्हणतायत.

आतोबा सही करायला तयार नाहीत. ज्या बीपीमुळे हे झालं तेच कसं वाढवतात, हा त्यांचा प्रश्न आहे आणि मला उत्तर देता येत नाही. शिवाय सोडियम १२८ आलंय. एक नातेवाईक म्हणतात, सोडियम कमी असलं की पाणी कमी द्यायचं असतं, इथे तर सलाईन वाढवलंय. दुसऱ्या रुग्णालयात हलवावं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

मी न्यूरो आयसीयूत काम करते. पेशंट न बघता सल्ला देणार नाही, पण तुमच्या आतोबांना समजावता येईल एवढं सांगते.

फुग्यातून सांडलेलं रक्त वाहिन्यांभोवती साचतं. ते विघटित होऊ लागलं की वाहिन्या आकसतात. हे साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात होतं आणि आठवड्याच्या सुमारास जोर धरतं. म्हणजे बरा वाटणारा पेशंट मधेच ढासळणं हे या आजारात अनपेक्षित नाही. आकसलेल्या वाहिनीतून रक्त पुढे ढकलायला दाब लागतो, म्हणून बीपी वाढवतात. फुगा कॉइलने बंद झालाय म्हणूनच ते करता येतं. फुगा उघडा असता तर हेच करणं धोक्याचं होतं.

सलाईनबद्दल तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. या आजारात मूत्रावाटे मीठ आणि पाणी दोन्ही निघून जातं. पाणी तोडलं तर मेंदूचा पुरवठा आणखी घटतो.

संमतीचं म्हणाल तर वेळ सर्वात महत्त्वाचा आहे. आत्ता मेंदूचा तो भाग रक्ताविना उपाशी आहे, कदाचित अजून मेलेला नाही. तो मेल्यावर वाहिनी उघडून उपयोग नाही. निमोडिपिन, मिलरिनोन किंवा व्हेरापामिल वाहिनीत सोडलं तर परिणाम बहुधा काही तास टिकतो, दोन-तीनदा करावं लागू शकतं. बलूनचा परिणाम जास्त टिकतो, पण तो मोठ्या वाहिन्यांतच वापरता येतो आणि वाहिनी फाटण्याचा धोका असतो. तो धोका क्वचितच घडतो, पण घडला तर जिवावर बेततो. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा : सीटी परफ्यूजन (मेंदूच्या कोणत्या भागात किती रक्त पोचतंय ते दाखवणारा स्कॅन) केलंय का, किती भाग वाचण्याजोगा आहे, आणि बलून कोणत्या वाहिनीत घालणार?

नॉरअॅड्रेनालिनवरचा पेशंट आज हलवू नका. स्कॅनची सीडी घेऊन दुसऱ्या न्यूरोसर्जनना दाखवा, तेवढं पुरतं.

प्रतिसाद

माझ्या भावाला हेच झालं होतं, नाशिकला. वाहिनीतून औषध दोनदा दिलं. हात लगेच हलला नाही, हळूहळू फिजिओने आला. आज तो स्वतः जेवतो, सही करतो, बोलताना मात्र अजून शब्द अडतात.

निमोडिपिनबद्दल आवर्जून सांगतो. ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, एकूण २१ दिवस, रात्रीसुद्धा गजर लावून. बीपी उतरलं तर डॉक्टर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी करतात. आपल्या मनाने बंद करू नका. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्णांमध्ये मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं होतं. आमच्या इथल्या दुकानांत हे औषध मिळेना, म्हणून डिस्चार्जच्या आधीच पूर्ण कोर्स घेऊन ठेवा.

खर्चाचं : रुग्णालय धर्मादाय असेल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आजच काढून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बीपीचा मुद्दा आतोबांना वाचून दाखवला, त्यांनी सही केली. परफ्यूजन दुपारीच झालं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बराच भाग वाचण्यासारखा आहे म्हणाले. आठ वाजता आत नेणार आहेत. कोथरूड-कर्वेनगर भागात निमोडिपिन नक्की मिळेल असं दुकान कुणाला माहीत असेल तर कळवा, मी आत्ताच जाऊन आणते.