‘मूल चालतंय ना, मग मोजायचं कशाला?’ या पोस्टला उत्तर

रानजाई:
काल इथे ‘पायवाट’ यांनी लिहिलं की सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हालचाल आणि तोल बिघडतो त्या) मुलांची चाल आणि तोल मोजणं म्हणजे वेळेची नासाडी आहे. मूल कसं चालतं ते आईबापांना रोज दिसतं, बाकीचे कागद नुसते फाइल जाड करतात. त्याखाली होकारांची रांग लागलेली पाहून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

दिसतं, मान्य. पण काय दिसतं? टाच टेकत नाही एवढं दिसतं. पोटरीचा स्नायू खरंच आखूड झालाय, की नुसता ताठरपणा आहे, की गुडघाच वाकलेला राहतो म्हणून टाच उचलली जातेय, हे घरात बघून सांगता येत नाही. माझ्या भाच्याची टाच टेकत नव्हती. दोन्ही पायांत सीपी. चालीची नीट तपासणी न करता टाचेची शीर लांब करून टाकली. टाच टेकली, सगळे खूश. पुढे उंची वाढली, पोटरीला नडगी मागे धरून ठेवायची ताकद उरली नव्हती, आणि गुडघे वाकत वाकत गेले. आज तो अर्धवट बसल्यासारखा चालतो आणि लगेच दमतो. दोन्ही पायांत सीपी असलेल्या मुलांत हा धोका डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तरी आपण म्हणायचं, मोजायचं कशाला?

पायवाट:
ताई, तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही ऑपरेशनबद्दल बोलताय, मी दर काही महिन्यांनी होणाऱ्या असेसमेंटबद्दल. माझ्या लेकीला गुळगुळीत फरशीच्या लांब कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं येरझाऱ्या घालायला लावल्या. ती रडकुंडीला आली आणि तपासणाऱ्या बाई तिच्याशी एक शब्द धड बोलल्या नाहीत. तोलाच्या चाचणीत ५६ पैकी ५० च्या वर गुण! आणि हीच मुलगी हातात पाण्याचा पेला असला की उंबऱ्यावर पडते. त्या पन्नासाचं मी करू काय?

सायंतारा:
मी फिजिओ आहे, मुलांबरोबरच काम करते. दादा, बाई बोलल्या नाहीत कारण सहा मिनिटांच्या चाचणीत दर मिनिटाला ठरलेलं वाक्यच बोलायचं असतं. एका वेळी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वेळी नाही, तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही हे चूकच.

आता ते ५६. त्यात १४ कामं असतात: खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, पूर्ण गिरकी घेणं, खालची वस्तू उचलणं, एका पायावर उभं राहणं. प्रत्येकाला जास्तीत जास्त ४ गुण. जे मूल बऱ्यापैकी चालतं ते लवकरच वरच्या टोकाला पोचतं आणि मग ही चाचणी त्याच्याबद्दल नवीन काही सांगत नाही. हातात पेला घेऊन चालणं त्यात नाहीच. तुमच्या लेकीसाठी ती चाचणी अपुरी होती, म्हणून सगळंच मोजणं फुकट ठरत नाही. ५, ५० आणि ५०० मीटर अंतराची एक पट्टी आहे. घरात, शाळेत, बाहेर मूल एरवी कशाच्या आधाराने जातं हे आईबापांना किंवा मुलालाच विचारून ती भरतात. तुमच्या डोळ्यांना दिसतं तेच तिथे लिहिलं जातं.

पायवाट:
मग ती आधी का नाही भरली? आमच्या हातात फक्त ‘लेव्हल २’, म्हणजे हालचालींच्या पाच पायऱ्यांपैकी दुसरी, असं लिहिलेला कागद. ती लेव्हलसुद्धा त्या कॉरिडॉरवरूनच ठरवली असणार.

सायंतारा:
तशी ठरवायची नसते. १९९७ साली त्या पाच लेव्हल आल्या तेव्हापासून भर यावरच आहे की मूल एरवी काय करतं. तपासणीत जोर लावून काय करून दाखवतं ते नाही. जोर लावून काय जमतं ते मोजायच्या चाचण्या वेगळ्या आहेत.

कडुनिंब:
एक सांगा, चाचणी स्प्लिंट (पायाला आधार देणारी पट्टी) घालून करायची की अनवाणी? आमच्याकडे एकदा घालून केली, एकदा काढून, आणि ‘प्रगती खुंटली’ असा शेरा. तो ऐकून मुलाने आठवडाभर खेळणं सोडलं होतं.

सायंतारा:
दोन्ही चालेल, पण कागदावर नोंद हवी आणि पुढच्या वेळीही तसंच करायला हवं. नोंद नसेल तर त्या शेऱ्याला अर्थ नाही. घरच्या घरी एक करा. मोबाइलवर समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून ठेवा, तोही अनवाणी आणि स्प्लिंटसह असा वेगवेगळा. मांड्यांपर्यंत पाय उघडे असू देत. व्हिडिओ थांबवत थांबवत एकेका पायाच्या १७ गोष्टी तपासायची पद्धत आहे, गेट लॅब (कॅमेरे आणि यंत्रांनी चाल तपासायची प्रयोगशाळा) जवळ नसेल तर त्या पद्धतीचा चांगला उपयोग होतो.

शेवरी:
इथे मला बोलावंच लागेल. मला सीपी आहे, आता मी मोठी आहे, नोकरी करते. ‘पाय उघडे असू देत’ हे किती सहज लिहिलंत. लहानपणी मला नुसत्या चड्डीवर भरल्या खोलीत चालवलं जायचं. भिंतीला टेकून विद्यार्थी उभे, एक जण कॅमेरा घेऊन. मला कुणी विचारलं नाही. आईला विचारलं असेल. माझं शरीर त्या खोलीत सगळ्यांचं होतं, फक्त माझं नव्हतं. तुमचे आकडे अचूक असतीलही. त्या दिवशी मी लाजेने ताठरले होते, ते कुठल्या रकान्यात लिहिलं गेलं?

रानजाई:
शेवरी, जे झालं ते वाईटच. पण कंबर आणि गुडघे दिसले नाहीत तर तपासणी अर्धवट राहते, आणि अर्धवट तपासणीचं फळ माझा भाचा भोगतोय.

शेवरी:
तुमच्या भाच्याला विचारलंत का कधी, त्याला कॅमेऱ्यासमोर कसं वाटतं? या धाग्यात सगळे मुलांबद्दल बोलतायत, मुलांशी कोण बोललं? घट्ट आखूड पँट घातली तरी कंबर, मांडी, गुडघा सगळं दिसतं. चड्डीवर चालवण्यात तपासणाऱ्यांची सोय असते, दुसरं काही नाही.

सायंतारा:
सरसकट आरोप नको. गेट लॅबमध्ये सांध्यांची हालचाल कॅमेऱ्याला टिपता यावी म्हणून ठिपके कातडीवर चिकटवावे लागतात. कपड्यावर लावले तर कपडा सरकतो आणि सांध्याचा कोन चुकतो. आणि विद्यार्थ्यांनी बघितलंच नाही तर पुढचे फिजिओ कुठून तयार होणार?

शेवरी:
विचारून तयार होतील. आठ वर्षांच्या मुलाला ‘हे ताई-दादा शिकायला आलेत, चालेल का?’ असं विचारायला किती वेळ लागतो? आणि ते ‘नाही’ म्हणालं तर विद्यार्थ्यांनी बाहेर थांबायचं. ठिपक्यांचं मला मान्य आहे. त्यासाठी खोलीत दोन माणसं पुरतात.

कडुनिंब:
माझ्या मुलाचा व्हिडिओ कुणाच्या मोबाइलमध्ये आहे हे मला आजतागायत माहीत नाही. विचारलं तर ‘रेकॉर्डसाठी’ म्हणाले. कुणाचं रेकॉर्ड?

सायंतारा:
खाजगी मोबाइलवर घ्यायचाच नाही, यावर वाद नाही. विद्यार्थ्यांबद्दल… ठीक आहे. मुलाची परवानगी मीही दर वेळी घेतेच असं नाही, आईबापांची घेते. ती पुरेशी नाही हे शेवरींचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मूल नाही म्हणालं म्हणून तपासणीच सोडून द्या, हे मला पटणार नाही.

पायवाट:
मोजूच नका हे मी मागे घेतो. पण ऑपरेशनची गोष्ट असेल तेवढ्यापुरतंच. एरवी दर वेळी तोच कॉरिडॉर नको.

रानजाई:
तेवढ्यापुरतं नाही चालणार, दादा. ऑपरेशन करायचं की नाही हेच आधीच्या नोंदींवर ठरतं. हाडं वाढतात, स्नायू मागे पडतात, आणि रोज बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. वयात येताना ज्यांची चाल बिघडते, त्यांच्याकडे आधीचा कागद नसेल तर किती बिघडली हे कुणी सांगायचं?

पायवाट:
बरं, वर्षातून एकदा. पण आधी लेकीला विचारेन. ती नाही म्हणाली तर?

शेवरी:
तर ‘का नाही’ हे विचारा. माझं कारण खोलीतली माणसं होती, चालणं नव्हतं. तुमच्या लेकीचं कदाचित ती न बोलणारी बाई असेल. ते दुरुस्त करून पुन्हा विचारा.

सायंतारा:
आणि तोवर त्या पेल्याचा व्हिडिओ काढून आणा. तिची हरकत नसेल तर.