मदत हवी आहे : किडनीच्या यादीसाठी 'घरचा आधार' कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या डायलिसिस रुग्णांसाठी समुपदेशनाचा मराठी तक्ता तयार करतोय. एका मुद्द्यावर अडलोय.

मेंदूमृत दात्याची किडनी कोणाला, हे गुणांवर ठरतं : डायलिसिसवर काढलेले महिने, निकामी झालेले फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी), पूर्वी स्वतः अवयवदान केलेलं असणं. हे मोजता येतं. नोंदणीची ६५ वर्षांची आणि अधिवासाची अटही केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढली. पण प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव चढण्याआधीच 'घरच्या आधारा'ची एक गाळणी लागते. औषधं परवडतील का, सोबत कोण, तपासणीला वेळेवर येणार का? नंदुरबारच्या दुर्गम धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस इथेच गळतो.

औषधं चुकण्याची भीती खोटी नाही. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनचं औषध) आयुष्यभर, बहुधा दर १२ तासांनी. लेव्हलचं (रक्तातलं औषधाचं प्रमाण बघण्याचं) रक्त सकाळच्या गोळीआधीच द्यायचं, नाहीतर आकडा फसवा येतो. डोस चुकत गेले की शरीर किडनी नाकारतं. पण अडचण अंतराची असेल तर प्रवासखर्च आणि तालुक्यालाच रक्त घेण्याची सोय बघावी, थेट नकार देऊ नये, असं आमचं ठाम मत.

कुणाकडे यासाठी लेखी निकष आहेत का? नकाराचं कारण रुग्णाला लेखी देता का? फेरविचार किती दिवसांनी? नमुना पाठवलात तर फार उपयोग होईल.