पॅरिस-रूबे म्हणजे शेवटी लॉटरीच ना?

पंक्चर_पोपट:
मंडळी बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. काल 2023 ची पॅरिस-रूबे सायकल शर्यत परत बघत होतो, दोनशे चाळीस किमी दामटून झाल्यावर कारफूर द लार्ब्र नावाच्या दगडी रस्त्यावर व्हॅन आर्ट आणि व्हॅन डर पूल दोघंच पुढे निघतात आणि नेमकं तिथेच व्हॅन आर्टचं चाक पंक्चर होतं. खेळ खल्लास, बिचारा तिसरा. वर्षभर घाम गाळायचा आणि निकाल एका दगडाने लावायचा, मग डावपेच वगैरे कशाला म्हणायचं?

घाटवाला:
लॉटरी असती तर व्हॅन डर पूलला 2023, 24, 25 अशी ओळीने तीन वर्षं लागली असती का? अरे दगडी रस्त्यावर पहिल्या चारपाचात असलास तर पुढचा खड्डा दिसतो, लाईन निवडता येते. तिसाव्या नंबरवर फक्त धूळ आणि दुसऱ्याचा पार्श्वभाग दिसतो, त्यात पुढचा आडवा झाला की तू पण आडवा. म्हणून तर सेक्टर, म्हणजे दगडी रस्त्याचा पट्टा, यायच्या आधी सगळे स्प्रिंट असल्यासारखे पुढे घुसतात. पंक्चर कोणालाही होतं, पण पुढे राहणाऱ्याला जरा कमी होतं एवढंच.

फुकट_ड्राफ्टिंग:
डावपेच बघायचेत तर 2015 ची ओमलूप ही बेल्जियमची शर्यत बघ. शेवटी चौघंच पुढे, त्यातले तिघं एकाच टीमचे, बोनेन, टर्पस्ट्रा, व्हॅनडेनबर्ग, आणि चौथा इयन स्टॅनर्ड एकटा. कागदावर स्टॅनर्ड मेलेला. पण तो निवांत मागे बसून राहिला, पुढे राहून वारा त्या तिघांनीच अंगावर घेतला, आणि मग त्यांनी आळीपाळीने अटॅक मारायला, म्हणजे एकदम वेग वाढवून निसटायला, सुरुवात केली तर हा प्रत्येकाला गाठून वर स्वतःच अटॅक मारून मोकळा! शेवटी टर्पस्ट्राला स्प्रिंटमध्ये मारला. तिघांनी मिळून हरायलाही अक्कल लागते :) आमच्या रविवारच्या लोणावळा राईडला मी पण मागेच बसतो, फक्त शेवटी अटॅक येत नाही.

जुना_सायकलस्वार:
आणि मॅथ्यू हेमनला कुठे बसवणार? 2016 ची पॅरिस-रूबे, वय 37, सहा आठवड्यांपूर्वी हात मोडलेला, प्रॅक्टिस घरी ट्रेनरवर. त्याच्याकडून कोणाला काही अपेक्षाच नाही, म्हणून सकाळच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सुरुवातीलाच पुढे निसटलेल्या टोळक्यात, गेला. मागे कान्सेलारासारखा फेव्हरेट पडला, बाकीच्या फेव्हरेट लोकांची फाटाफूट झाली, आणि जे पुढे आले त्यांना हेमन आधीच तिथे बसलेला सापडला. मग वेलोड्रोमवर, म्हणजे शर्यत संपते त्या सायकल ट्रॅकवर, बोनेनला हरवलं, ज्याला पाचव्यांदा जिंकून रेकॉर्ड करायचं होतं. मागे पडापडी झाली हे नशीब, पण ती झाली तेव्हा पुढे असणं हे नशीब नाही. माझ्या मते ब्रेकमध्ये जाणं हाच लॉटरीचं तिकीट काढायचा एकमेव मार्ग, आणि ते तिकीट पायाने काढावं लागतं.

पंक्चर_पोपट:
हेमन पटला, स्टॅनर्ड तर रात्री बघतोच. पण घाटवाले, व्हॅन आर्ट तर पुढेच होता की. त्याने काय चुकवलं?

घाटवाला:
काही नाही रे. तिथे शुद्ध माती खाल्ली नशिबाने. मी पण टीव्ही बंद केला होता.